डॉक्टरांनी भरलेली चांदी

दातांच्या दवाखान्यात माणसं गप्प असतात, अशी बाहेरच्यांची समजूत आहे. खुर्चीत असतात, हे खरं. तोंडात कापसाचे बोळे, गालात नळी, वर माझा हात, बोलणार कशी? पण खुर्चीत जे जे बोलायचं राहून जातं, ते सगळं बाहेरच्या बाकावर येऊन सांडतं. ज्यांचा नंबर यायचाय ते भीतीने बडबडतात आणि ज्यांचं झालंय ते सुटल्याच्या आनंदाने. किस्से साठायला आणखी काय लागतं?

मी तशी कमी बोलणारी. लग्न होऊन उमेळ्याला आले, तेव्हा शेजारच्या बाईंनी मम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दबक्या आवाजात विचारलं होतं, "सून बोलत नाही का गं?"

मम्मी म्हणाल्या, "घरात बोलणारा डेंटिस्ट एक आहे, तेवढा पुरे!"

तो बोलणारा डेंटिस्ट म्हणजे पप्पा, माझे सासरे. मीही डेंटिस्टच, पण मुंबईच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. घराच्या पुढच्या खोलीत पप्पांचा दवाखाना आहे. एक खुर्ची, एक पडदा, बाहेर एक लांब बाक आणि बाकाच्या टोकाला टेबल टाकून नंबर देणाऱ्या मम्मी. गावातल्या आणि आसपासच्या निम्म्या दाढांमध्ये पप्पांनी भरलेली चांदी आहे. नुसती चांदी नसते ती, पारा आणि आणखी काय काय मिसळलेलं असतं, पण सगळे तिला चांदीच म्हणतात. आता ती चांदी जुनी झाली. कुठे कड तुटली, कुठे खालून कीड शिरली. ती काढून पांढरं सिमेंट भरायची वेळ आली, आणि नेमकं त्याच सुमाराला पप्पांचा उजवा हात थरथरायला लागला.

कुणी सांगायच्या आत त्यांनी स्वतःच मशीन खाली ठेवलं. मला म्हणाले, "नाताळपर्यंत बघू, अनिता. लोक तुझ्याकडे बसले तर दवाखाना तुझा. नाही बसले तर शटर ओढायचं. तू स्टेशनजवळच्या त्या नव्या क्लिनिकमध्ये नोकरी धर, मी झाडांना पाणी घालतो."

अगदी सहज म्हणाले. म्हणताना खुर्चीचा हात पुसत होते. तो त्यांनी आधीच पुसलेला होता.

*

पहिल्याच दिवशी रोझीमावशी आल्या. त्यांची केळीची वाडी आमच्या मागेच आहे. खालच्या दाढेतली चांदी अर्धी निघून आली होती आणि ती त्यांनी रुमालात बांधून आणली होती.

"डॉक्टर कुठे?"

"मी आहे ना, मावशी."

"तू सून. मी डॉक्टर विचारते."

तरी बसल्या. पर्स मांडीवर ठेवली, दोन्ही हात पर्सवर ठेवले आणि तोंड मिटून घेतलं. मी म्हटलं, "आ करा." त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. बँकेचं लॉकर उघडलं असतं, पण ते तोंड उघडलं नसतं.

मग पप्पा आत आले. खुर्चीच्या डोक्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "काय रोझी, तुझ्या केळी वाऱ्याने पडल्या म्हणे?"

"वाऱ्याने? वाऱ्याने कशाला पडतील? त्या शेजाऱ्याने बांध..."

तोंड उघडलं! मी आरसा आत घातला. पुढचं सगळं भांडण त्यांनी 'आं', 'ऊं' आणि डाव्या हाताच्या बोटांवर चालवलं. पप्पांना त्यातला शब्दन् शब्द कळत होता. "हो ना, बांध त्याचा नाहीच मुळी... काय सांगतेस, पोलीस पाटलाला पण?" इतक्या वेळात मी जुनं काढलं, साफ केलं, नवं भरलं, निळा लाईट मारला.

मावशींनी चूळ भरली. उतरताना माझ्याकडे बघून मोठ्या मनाने म्हणाल्या, "तू कापूस छान धरतेस हं."

आणि बाहेर जाऊन बाकाला सांगितलं, "डॉक्टरांचा हात अजून तसाच हलका!"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा छताकडे बघत होते.

पुढे हीच आमची पद्धत झाली. पप्पा बोलायचे, मी भरायचे, आणि बाहेर नाव पप्पांचं व्हायचं. बाकाच्या हिशेबाने माझ्याकडे अजून कुणी बसलंच नव्हतं.

*

पप्पांची एक अट होती. जुनी चांदी काढण्याआधी त्यांना एकदा दाखवायची. काढायची की नाही हे माझं मी ठरवायचं, त्यांना नुसतं बघायचं असायचं. डाव्या हातात छोटा आरसा घेऊन ते वाकायचे आणि हस्ताक्षर ओळखावं तशी दाढ ओळखायचे. "ही भरताना लाईट गेले होते. खालच्या कडेला घाई झालीय, बघ." नाहीतर, "ही तुझ्या लग्नाआधीची ना गं? तेव्हा या खुर्चीत रडली होतीस, पण दाढेसाठी नाही." पन्नाशीची बाई खुर्चीतल्या खुर्चीत लाजायची.

एकदा विल्यम आला. त्याचं वालीवला लेथचं वर्कशॉप आहे. माणूस असा आडदांड, की बोल्ट दातांनी उघडतो म्हटलं तरी पटावं. बायको बाहेर बाकावर. पप्पा वाकले, बघितलं, पुन्हा बघितलं. आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"विल्यम, ही माझी नाही."

"कुठली, डॉक्टर?"

"वरची. उजवीकडची. ही माझी नाही."

विल्यमने डोळे मिटले. एवढा मोठा माणूस, पण आवाज पार आत गेला. "एकदाच गेलो होतो, डॉक्टर."

"कुणाकडे?"

"स्टेशनजवळ. तुम्ही गोव्याला गेला होता. ठणकत होती हो फार."

"मी काय गोव्यातच राहणार होतो?"

"चूक झाली."

तेवढ्यात पडद्याबाहेरून त्याच्या बायकोचा आवाज आला, "आणि मला सांगितलं होतं ओव्हरटाइम आहे!"

पप्पा माझ्याकडे वळले. "ती आधी काढ."

*

फिलोमिना टीचर निवृत्त आहेत, पण आवाज अजून शाळेतलाच आहे. मुलाचं लग्न ठरलं होतं. त्या मोबाईल पुढे धरूनच आत आल्या.

"हे वाच. चांदीत पारा असतो. पाऱ्याने माणूस विसरभोळा होतो. माझ्या तोंडातल्या सगळ्या काढायच्या आणि पांढऱ्या भरायच्या. फोटोत हसले की काळं दिसतं ते वेगळंच."

मी एकेक दाढ बघितली. नीट बघितली, टोचून बघितली. एकीची कड तुटली होती. बाकीच्या, खरं सांगते, बघत राहावं अशा होत्या. इतकी वर्षं चावून चावून वर झिलई आली होती, आणि कडेला सुई शिरायला जागा नव्हती. कॉलेजात आम्हाला दाखवायला असल्या दाढा मिळाल्या असत्या तर परीक्षा सोपी गेली असती.

"टीचर, एकच काढायची. बाकीच्या राहू दे."

"मी सांगते ना, काढ."

"नाही काढणार, टीचर. तोंडात घट्ट बसलेल्या चांदीने काही होत नाही. उगाच काढली तर दाढ मात्र कमजोर होईल. आणि मी भरलेलं इतकं टिकेल की नाही, मला ठाऊक नाही. हे माझ्यापेक्षा चांगलं भरलंय."

एवढं लांब मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते. पडद्याच्या पलीकडे पप्पा पेपर वाचत होते. बऱ्याच वेळात पान उलटल्याचा आवाज आला नाही.

दुपारी जेवताना सुरमईचा मधला मोठा तुकडा पप्पांनी आपल्या ताटातून उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. मी खाली मान घालून जेवायला लागले.

मम्मी बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्या ताटात कधी शेपटीसुद्धा आली नाही. मीपण डेंटिस्ट व्हायला हवं होतं!"

इथपर्यंत सगळं गोड होतं. संध्याकाळी बाकावर मात्र बातमी अशी पोचली होती: डॉक्टरांच्या सुनेला चांदी काढता येत नाही, म्हणून ती नको म्हणते!

*

आमच्या चर्चचे फादर प्रवचनासाठी प्रसिद्ध आहेत. म्हणजे प्रवचनाच्या लांबीसाठी. सुरुवात शुभवर्तमानापासून होते, मग हमरस्त्यावरचे खड्डे येतात, तरुणांचे मोबाईल येतात, आणि शेवटी पुन्हा शुभवर्तमानाकडे यायचा रस्ता सापडेपर्यंत मागच्या बाकावरची मुलं झोपलेली असतात.

एका शनिवारी दुपारी ते गाल धरून आले. चांदी निघाली होती आणि आत नस बोंबलत होती. पप्पा डोळे तपासायला गेले होते. म्हणजे मी, फादर आणि शांतता.

"फादर, संध्याकाळची मिस्सा तुमचीच ना? भूल दिली तर ओठ जड राहील."

"दे, बाळा. हे सहन होत नाही. प्रवचनाचं देव बघेल."

देवाने बघितलं. संध्याकाळी मी मुद्दाम खांबामागे बसले होते. प्रार्थना कशाबशा पार पडल्या. मग फादर प्रवचनाला उभे राहिले. खालचा ओठ एका बाजूला लोंबत होता. पहिल्याच शब्दाला त्यांनी रुमाल लावला. लोकांकडे बघितलं, हातातल्या कागदांकडे बघितलं, कागद घडी करून ठेवले आणि म्हणाले, "प्रिय बंधुभगिनींनो, एकमेकांशी प्रेमाने वागा. बाकीचं तुम्हाला माहीत आहे."

आणि बसले!

मग कुणीतरी खोकलं, आणि घाईघाईने पुढची प्रार्थना सुरू झाली.

सोमवारी बाकावर पहिल्यांदाच माझं नाव निघालं. एक आजोबा पडदा बाजूला करून, मान आत घालून विचारत होते, "बाय, फादरांच्या आणखी किती दाढा भरायच्या राहिल्यात?"

"का हो?"

"नाही, म्हटलं दर शनिवारी एक एक घे."

फादरांना माझ्याकडे पाठवायला सगळे तयार होते. स्वतः बसायला कुणी नाही.

*

फादर सोडले तर माझ्याकडे बिनतक्रार बसणारा पहिला माणूस आमच्या गावचा नव्हताच. बाळारामकाका खाडीकडचे. भातशेती, पूर्वी मिठागरावरही जायचे. मी सून की डॉक्टर, याचं त्यांना काही नव्हतं. चपला काढल्या, खुर्चीवर चढले, टोपी पोटावर ठेवली आणि स्वतःच आ केला.

"थंड पानी लागतं, बाय. झिनझिन्या येतात इथं डोक्यापरयंत."

बघितलं. चांदीला उभी चीर गेली होती. पप्पांनी आरशात बघून आपलीच म्हणून मान डोलावली. मी मशीन सुरू केलं, तोच काकांनी हात वर केला.

"थांब. आंगठा कोन धरनार?"

"कसला अंगठा, काका?"

"पायाचा. आमची ही धरायची. मशीन चालू झाली का ती आंगठा दाबून धरायची, मंग दुखत नाय. डॉक्टरला विचार."

पप्पा म्हणाले, "खरंय. पायाशी स्टूल टाकून बसायच्या. मला वाटायचं, पळून जाईल म्हणून धरतायत."

"आता ती नाय," काका म्हणाले. "गेल्या वर्षी गेली." दुःखाने नाही म्हणाले. अडचण सांगावी तसं म्हणाले. आता या कामाची काय व्यवस्था करता, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी मशीन हातात घेऊन तशीच उभी. मम्मींना हाक मारावी का, हे कळेना. पप्पांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, खुर्चीच्या पायाशी नेलं, त्यावर बसले आणि काकांच्या उजव्या पायाचा अंगठा मुठीत धरला.

"चालेल?"

"जरा घट्ट."

"आता?"

"हां. घे, बाय."

मी काम केलं. अधूनमधून खाली बघत होते. चहाचा कप उचलला की बशीत सांडणारा तो उजवा हात अंगठ्याभोवती एकदम स्थिर होता. पप्पाही त्याच्याकडेच बघत होते.

झाल्यावर काकांनी जिभेने दाढ चाचपली, खूश झाले. टोपी घातली, चपला घातल्या, मग दारातून वळून म्हणाले, "डॉक्टर, राग मानू नका. पन तुमचा हात जड हाय. आमच्या हिचा बरा होता."

*

आता शेवटचा.

दिवाळी उलटून गेली होती. एका रविवारी मम्मींनी चिंबोऱ्यांचं कालवण केलं. पप्पांनी खेकड्याची नांगी दाताखाली धरली आणि 'कट' असा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

"नांगी फुटली," पप्पा म्हणाले.

नांगी त्यांच्या हातात अख्खी होती.

संध्याकाळी त्यांनी पेज मागितली. दुसऱ्या दिवशीही पेज. तिसऱ्या दिवशी बाकाला कळलं, डॉक्टरांच्या स्वतःच्या दाढेतली चांदी फुटली! ती त्यांच्या कॉलेजच्या मित्राने भरलेली होती, दोघेही तरुण असताना. तो मित्र आता वांद्र्याला मोठा डॉक्टर आहे.

बाकाने लगेच कायदा केला. रोझीमावशींनी तो मम्मींना सांगितला आणि मम्मींनी वालाच्या शेंगा मोडता मोडता मला सांगितला. "म्हणतात, डॉक्टर आता कुणाकडे बसतात ते बघू. सुनेकडे बसले तर आम्हीपण बसू. वांद्र्याला गेले तर आम्ही काय वेडे आहोत?"

माझा नवरा मेल्विन सातिवलीला एका पॅकिंगच्या युनिटमध्ये असतो आणि घरच्या भानगडींत सहसा पडत नाही. तोसुद्धा म्हणाला, "पप्पा वांद्र्याला गेले तर संपलंच गं. तू विचार ना त्यांना, तुझ्याकडे बसतात का."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

पप्पा एका बाजूने जेवत राहिले. पाणी कोमट प्यायचे. कुणी बघत नाही असं वाटलं की गालावर हात ठेवायचे. वांद्र्याला फोन केला नाही आणि माझ्याकडेही आले नाहीत. मला वाटायला लागलं, त्यांना माझ्या हाताची खात्री नाही, आणि मला दुखवायचं नाही म्हणून बिचारे पेजेवर दिवस काढतायत.

शेवटी मम्मींनाच राहवलं नाही. "अगं, तुझ्यामुळे नाही. ते खुर्चीला घाबरतात."

"पप्पा?"

"मग कोण? अख्ख्या गावाचे दात कोरले, पण स्वतः आयुष्यात एकदाच बसले. त्या मित्राने भरली तेव्हा मी बाहेर होते. आमचं नुकतंच ठरलं होतं. आतून असा आवाज, मला वाटलं बकरं कापतायत. मी तेव्हाच लग्न मोडणार होते!"

त्या शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा बाक भरलेला होता. पेशंट थोडे, बघे जास्त. कशी बातमी लागते देव जाणे. पप्पा घरातल्या दाराने आले नाहीत. अंगणातून वळसा घालून, पुढच्या दाराने आले. मिस्सेला घालायचा इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. मम्मींच्या टेबलासमोर उभे राहिले.

"नाव?" मम्मींनी मान वर न करता विचारलं.

पप्पांनी नाव सांगितलं, नंबर घेतला आणि बाकाच्या टोकाला बसले.

रोझीमावशी गडबडून म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पुढे जा हो."

"नंबर आहे माझा," पप्पा म्हणाले.

त्यांचा नंबर आला. खुर्चीत बसले, डोळे मिटले. दोन्ही हात थरथरत होते. उजव्याचं मला माहीत होतं, डाव्याचं नवीन होतं.

"पप्पा, दुखलं तर हात वर करा."

हात वर गेला.

"पप्पा, अजून मी काहीच केलं नाही."

"माहितेय. वर जातो का ते बघत होतो."

भूल दिली. मग मात्र हात वर गेला नाही. मित्राची चांदी तुकड्या-तुकड्याने निघाली. खाली थोडी कीड होती, ती काढली. पांढरं सिमेंट थरावर थर देत भरलं, दाढेला दाढेसारखा आकार दिला. शेवटी निळा कागद घेतला. हा कागद दाताखाली धरून चावायला सांगतात. जिथे जास्त निळं उमटेल तिथे भरलेलं उंच आहे, ते घासायचं. केसभर जरी उंच राहिलं तरी प्रत्येक घासाला अख्खा जबडा त्या एकाच दाढेवर आदळतो. पण भूल असताना पेशंटला ते कळत नाही, म्हणून विचारायचं आणि नशिबावर सोडायचं.

"चावा. उंच लागतंय?"

पप्पांनी मान हलवली. नाही.

बाहेर बाक वाट बघत होता. "दाखवा, दाखवा!" पप्पांनी तिथेच उभं राहून आ केला. तीन-चार मोबाईलचे टॉर्च एकदम आत! माना वाकल्या, चष्मे खाली-वर झाले.

"कुठली भरली?" विल्यमने विचारलं. "दिसतच नाही."

"मला पण नाही दिसत," दुसरं कुणीतरी म्हणालं. "भरलंय का नक्की?"

टॉर्च विझले, पण नंबर मात्र कुणी घेतला नाही. दिसण्याचं काय, चावायला कसं आहे हे कुठे ठरलं होतं? बाक उठला तो संध्याकाळी परत यायचं ठरवूनच.

संध्याकाळी पप्पा नेहमीसारखे बाकावर येऊन बसले. तोवर भूल उतरली होती. रोझीमावशींनी पिशवीतून भाजलेल्या चण्यांची पुडी काढली आणि सगळ्यांच्या देखत पुढे केली.

"घ्या, डॉक्टर."

मी पडद्याच्या फटीतून बघत होते. मम्मींनी टेबलावरचं पेन खाली ठेवलं.

पप्पांनी एक चणा घेतला. तोंडात टाकला. जिभेने उजवीकडे नेला, सगळ्यांना दिसेल असा नेला, आणि फोडला.

"त्याच बाजूने?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"त्याच बाजूने!"

"कसं लागतंय, डॉक्टर?" मावशींनी विचारलं.

"लागतंय कुठे? नवी दाढ आल्यासारखं वाटतंय," पप्पा म्हणाले आणि त्यांनी मूठ भरून चणे घेतले. एकेक करून, त्याच बाजूने, सगळे खाल्ले. खाता खाता विल्यमला वर्कशॉपचं विचारलं, केळीच्या बांधाचं विचारलं. बाकाचे डोळे त्यांच्या जबड्यावरून हलत नव्हते.

पुडी संपली. मावशी उठल्या आणि मम्मींना म्हणाल्या, "नंबर द्या. वरची एक दाखवायचीय, सूनबाईंना." पप्पाही उठायला लागले, तर त्यांना हातानेच खाली बसवलं. "तुम्ही नका येऊ, डॉक्टर. उगाच बोलत बसाल."

त्या संध्याकाळी मावशी बसल्या, विल्यम बसला, त्याची बायको बसली, आणि फिलोमिना टीचर त्यांची ती एक दाढ घेऊन आल्या. पप्पा शेवटपर्यंत बाहेर होते.

सगळे गेल्यावर मी ट्रे आवरत होते. शटर अर्धं खाली आल्याचा आवाज झाला. पप्पा आत आले, पडदा सरकवून एकदा मागे बघितलं.

"गेले सगळे?"

"हो, पप्पा."

"मम्मी?"

"आत गेल्या."

ते खुर्चीवर चढले. दिवा स्वतःच ओढून तोंडावर घेतला, आ केला, आणि पुन्हा मिटून म्हणाले,

"तो निळा कागद काढ. दुपारपासून उंच लागतंय."